पुरानंतरचा राडारोडा: एकत्र उचलायचा की जागेवरच वेगळा करायचा?

पूर ओसरला की पालिकेत पहिली धावपळ जेसीबी-डंपरची होते. उचललेलं टाकायचं कुठे, हे मात्र डंपर भरल्यावर आठवतं. पावसाळ्याआधी आराखडा लिहायला बसलेल्या मुख्याधिकाऱ्यांनी आणि सरपंचांनी हे मे महिन्यातच ठरवावं.

दारातलं सगळं एकाच डंपरमध्ये भरलं तर रस्ते लवकर मोकळे होतात. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा दुकानांत गाळ आणि भिजलेला माल एकजीव झाला होता. अशा वेळी लोकांना ‘आधी वर्गवारी करा’ म्हणणं जड जातं, हे मान्य. पण नुसता गाळ भरावाला चालतो. त्यात काचा, औषधं, कीटकनाशकं मिसळली की तो कशाच्याच कामाचा राहत नाही, आणि ढिगारा उपसून निवडायचा खर्च वेगळा.

जपानमधल्या हिगाशी-मात्सुशिमा शहराच्या परिसराने 2003 च्या भूकंपात हा फटका सोसला होता. म्हणून 2011 च्या त्सुनामीनंतर तिथे स्थानिक लोकांनाच रोजगार देऊन 19 प्रकारांत हाताने निवड केली आणि सुमारे 97 टक्के राडारोडा पुन्हा वापरात आणला. मात्र त्याला मोठी मोकळी जागा, माणसं आणि बरेच महिने लागतात.

आपल्या गावांना 19 प्रकार झेपणार नाहीत. माझ्या मते चार ढीग पुरेत: गाळ, घरसामान, लाकूड, आणि धोक्याच्या वस्तू (सिलिंडर, बॅटऱ्या, फवारणीची औषधं). मेलेली जनावरं आणि सडकं अन्न मात्र त्याच दिवशी हलवायचं. गाळ ओला असेतो निघतो, वाळला की पहार लागते. म्हणून तो आधी. तो गटारात लोटू देऊ नका, पुढच्याच सरीत तुंबेल. घरसामान उचलण्याआधी पंचनामा आणि फोटो हवेतच. घाईत डंपरमध्ये गेलेल्या फ्रिजबरोबर भरपाईचा पुरावाही जातो, आणि ते नुकसान सगळं गमावलेल्या कुटुंबाचं असतं.

वादळाचं गणित निराळं. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगडच्या किनाऱ्यावरच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. तिथे निवडण्यापेक्षा कटर आणि ते चालवणारी माणसं लागतात.

कोणतीही पद्धत घ्या, ढिगाऱ्याची जागा लाल पूररेषेबाहेर (मोठ्या पुराचं पाणी जिथवर पोचतं ती आखलेली हद्द), नदी-विहिरींपासून लांब आणि डंपर वळेल एवढ्या रस्त्यावर हवी. वाहनांचे दर मेमध्येच ठरवून करार करा. पाणी चढल्यावर भाडंही चढतं.