ट्रिल आधी की व्हायब्रॅटो? माउथ ऑर्गनची पुढची पायरी

चवथीला म्हापशाहून आलेल्या भाच्याने विचारलं, "मामा, साधी गाणी वाजवतो आता. पुढे ट्रिल शिकू की व्हायब्रॅटो?" मी उलट विचारलं, "माउथ ऑर्गन कुठला आहे तुझ्याकडे?" निम्मं उत्तर तिथेच असतं.

दहा भोकांचा डायटॉनिक, म्हणजे एकाच पट्टीचे स्वर असलेला बिनबटणाचा माउथ ऑर्गन, पट्टी सी, म्हणजे आपली पांढरी एक, असं धरू. त्यावर ट्रिल म्हणजे शेजारच्या दोन भोकांवर भराभर ये-जा. चौथं-पाचवं भोक श्वास ओढून वाजवलं की रे आणि म लागतात, मधला ग गायब. फुंकून वाजवलं तर सा-ग. ब्लूज या अमेरिकी संगीतात ही रे-मची घुसळण झकास लागते. पण अभंगात, भावगीतात मुरकी शेजारच्या स्वराची हवी, आणि रे-गसाठी भोकाबरोबर श्वासही उलटवावा लागतो. त्या वेगात निदान माझी तरी दमछाक होते.

बारा भोकांच्या क्रोमॅटिकवर, म्हणजे बटणाच्या माउथ ऑर्गनवर, मात्र चैन आहे. बटण दाबलं की स्वर अर्ध्याने चढतो. म्हणून ग धरून बटण टिचकवत राहिलं की ग-म, नीवर नी-सा. नाट्यगीतातल्या खटक्याच्या बरंच जवळ. हाच चाळा सावर केला तर कोमल रे डोकावतो. भैरव वाजवत नसाल तर तो नको तिथे टोचतो.

व्हायब्रॅटोत स्वर एकच, लहर त्याच्यावर. हाताने करायचा तर माउथ ऑर्गन डाव्या पंजात धरा, उजव्या तळव्याने मागून ओंजळ बंद करा आणि तो तळवा दारासारखा किलकिला करत राहा. यात आवाजाचा जोर आणि रंग हलतो, सूर जवळपास जागेवरच राहतो. घशाचा प्रकार अवघड: आवाज न काढता हलकं खोकल्यासारखं, श्वास ओढत. पहिल्या सहा भोकांचे ओढलेले स्वर खाली वाकतात, त्यामुळे तिथे सूरही किंचित डुलतो, गळ्यासारखा. मेट्रोनोम, म्हणजे ठोके देणारं यंत्र, मिनिटाला साठ ठोक्यांवर ठेवून एका ठोक्यात चार लहरी सारख्या बसवा.

जुना ट्रेमोलो प्रकारचा माउथ ऑर्गन असेल तर घाई नको. त्यात प्रत्येक स्वराला किंचित फरकाने लावलेल्या दोन रीड, म्हणजे थरथरणाऱ्या धातूच्या पात्या, असतात, लहर आधीच आहे. वर घशाची चढवली की नुसता गोंधळ.

आणखी एक, आपल्या हवेचं. माझा लाकडी कोंबचा (कोंब म्हणजे भोकं असलेली मधली चौकट) डायटॉनिक पावसाळ्यात फुगतो, भोकांमधल्या पट्ट्या बाहेर येतात. गेल्या श्रावणात ट्रिलचा सराव करताना ओठ सोलून घेतला. प्लॅस्टिकचा कोंब घ्या.

भाच्याकडे डायटॉनिक निघाला. म्हटलं, आधी हाताचा, मग घशाचा. ट्रिल ब्लूजची ओढ लागली तरच. त्याने संध्याकाळी आरतीतच हाताचा व्हायब्रॅटो लावून पाहिला. घुमट-शामेळ या आरतीतल्या तालवाद्यांपुढे तो त्याचा त्यालाही ऐकू आला नाही.