गच्चीला लावलेला कूल रूफ पेंट : एक उन्हाळा, एक पावसाळा आणि आता परत मार्च

आमचं घर जळगावात, रो हाऊस, वर उघडी गच्ची. ज्यांनी जळगावचा एप्रिल बघितलाय त्यांना पुढचं सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते, रात्री दहाला वरच्या खोलीत पंखा लावला की हेअर ड्रायरखाली बसल्यासारखं वाटतं, कारण दिवसभर तापलेला स्लॅब रात्री सगळी उष्णता खाली ओततो. एसी आहे पण तो तरी किती वेळ चालवणार, बिल कोण भरणार. म्हणून गेल्या मार्चमधे तो ऊन परतवून गच्ची कमी तापू देणारा पांढरा कूल रूफ पेंट लावून घेतला, आणि वर्षभर वापरून मग लिहायचं असं ठरवलं होतं, तर हे घ्या. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण बाजारात असे डझनभर डबे आहेत आणि माझ्या तक्रारी बऱ्याचशा सगळ्यांनाच लागू होतील.

आधी खर्च. गच्ची साधारण ९०० स्क्वेअर फूट, २० लिटरच्या दोन बादल्या लागल्या, प्रायमर वेगळा, मजुरी वेगळी, सगळं मिळून १८ हजाराच्या आसपास गेले. दुकानदार म्हणाला "ताई, दहा डिग्री फरक पडतो, गॅरंटी". कुठे दहा डिग्री, असं विचारलं तर "घरात" म्हणाला. हे साफ खोटं निघालं, पुढे सांगतेच.

माझा भाऊ एसी रिपेअरिंगचं काम करतो, त्याच्याकडे ती इन्फ्रारेड गन असते, ट्रिगर दाबला की समोरच्या पृष्ठभागाचं तापमान दाखवते. ती मी जवळजवळ ढापलीच आहे. आणि आमचं नशीब असं की शेजारच्या तात्यांचं घर हुबेहूब आमच्यासारखं, त्याच बिल्डरचं, तोच स्लॅब, आणि त्यांनी काहीच लावलेलं नाही, नुसता जुना काळपट कोबा. म्हणजे तुलना करायला आयती गच्ची मिळाली. एप्रिलमधे दुपारी दोनला हवा ४२, तात्यांची गच्ची ६१, आमची ४४. सतरा डिग्रीचा फरक, माझा विश्वासच बसेना म्हणून तीनदा मोजलं. पण हा गच्चीच्या वरचा फरक झाला. रात्री नऊला खोलीतून छताला गन लावली तर त्यांच्याकडे ४१ आणि आमच्याकडे ३६. आणि खोलीतल्या हवेत, साध्या भिंतीवरच्या थर्मामीटरवर, अडीच ते तीन डिग्री. बस. खिडकीतून, भिंतीतून, दारातून जी गरमी येते तिला गच्चीचा रंग काय करणार? तरी ते तीन डिग्री छोटे नाहीत हो, कारण मुख्य त्रास छताच्या धगीचा होता आणि ती धग खरंच गेली. मुलं यंदा वर झोपायला लागली यातच सगळं आलं.

आता हे चालतं कसं ते मला समजून घ्यायचंच होतं, नुसतं "पांढरा रंग ऊन परतवतो" एवढ्यावर समाधान होईना, कारण मग साधा पांढरा डिस्टेंपर का नाही? तर गोष्ट अशी की उन्हातली जवळजवळ निम्मी ऊर्जा आपल्याला न दिसणाऱ्या इन्फ्रारेड किरणांत असते, आणि डोळ्याला पांढराशुभ्र दिसणारा रंग ते किरण परतवतोच असं नाही. दुसरं म्हणजे गच्ची स्वतःही उष्णता बाहेर फेकत असते, आणि ती फेकलेली उष्णता ८ ते १३ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या पट्ट्यात असेल तर हवेत न अडकता थेट वर अवकाशात निघून जाते, त्या पट्ट्यात हवा बऱ्यापैकी पारदर्शक असते. गंमत म्हणजे भावाची ती गनसुद्धा साधारण त्याच पट्ट्यात बघते. एकदा सहज म्हणून रात्री निरभ्र आकाशाकडे रोखली तर आकडा शून्याच्या खाली! हवा ३१ आणि आकाश शून्याखाली. जुलैमधे ढगाळ रात्री तेच केलं तर २० दाखवलं. तेव्हा डोक्यात उजेड पडला की तो पट्टा म्हणजे आकाशाकडे उघडणारी खिडकीच, आणि ही खिडकी कोरड्या हवेत उघडी असते आणि दमट हवेत, ढगात बंद होत जाते. म्हणजे हे प्रकरण आमच्या खानदेशात, विदर्भात, मराठवाड्यात जेवढं चालेल तेवढं मुंबई-रत्नागिरीला चालणार नाही. तिकडे ऊन परतवण्याचा फायदा मिळेलच, पण आकाशाकडे उष्णता सोडण्याचा कमी. डब्यावर मात्र सगळ्या गावांना एकच आकडा.

यातली खरी भारी कामं अमेरिकेत झाली आहेत. २०१४ मधे स्टॅनफर्डच्या आस्वथ रामन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिलिकॉन डायऑक्साइड आणि हाफ्नियम डायऑक्साइडचे सात पातळ थर चांदीवर बसवून एक पत्रा बनवला, तो भर उन्हात हवेपेक्षा ४.९ डिग्री थंड राहिला. वीज नाही, पाणी नाही. आता चांदी-हाफ्नियमची गच्ची कोण करणार, म्हणून पुढे पर्ड्यू विद्यापीठात शिउलिन रुआन यांच्या गटाने साध्या रंगासारखं लावता येईल असं काही शोधायला घेतलं. २०२० मधे त्यांनी कॅल्शियम कार्बोनेटचा रंग केला, ९५.५ टक्के ऊन परत. २०२१ मधे बेरियम सल्फेटचा, ९८.१ टक्के. बेरियम सल्फेट म्हणजे तेच, पोटाच्या एक्सरेआधी पाजतात ते. नेहमीच्या पांढऱ्या रंगात टिटॅनियम डायऑक्साइड असतं, ते अल्ट्राव्हायोलेट किरण शोषून घेतं, बेरियम सल्फेट घेत नाही. शिवाय त्यांनी वेगवेगळ्या आकाराचे कण ठासून भरले, कारण प्रत्येक आकाराचा कण उन्हातला वेगळा भाग जास्त उधळतो. हा रंग दुपारी हवेपेक्षा ४.५ डिग्री खाली गेला, रात्री १०.५ खाली.

मग माझा १८ हजारांचा रंग ४४ वर का अडकला, हवा तर ४२ होती? हिशोब सोपा आहे. भर दुपारी एका चौरस मीटरवर साधारण १००० वॉट ऊन पडतं. माझा रंग नवा असताना समजा ८५ टक्के परतवतो, म्हणजे १५० वॉट आत शिरतात. आकाशाकडे जास्तीत जास्त १०० वॉटच्या आसपास निघतात. उरलेल्याने गच्ची हवेपेक्षा थोडी गरमच राहणार. पर्ड्यूच्या रंगात आत शिरतात जेमतेम २० वॉट, म्हणून तो हवेच्या खाली जातो. ८५ आणि ९८ मधे तेरा टक्क्यांचा फरक वाटतो, पण आत शिरणाऱ्या उन्हात तो सातपट फरक आहे. दुकानदाराला हे सांगायला गेले तर तो म्हणाला ताई तुम्ही शिक्षिका का.

डब्यावर एसआरआय (ऊन परतवणं आणि उष्णता सोडणं दोन्ही मिळून काढलेला निर्देशांक) १०८ लिहिलंय. मला वाटलं शंभरातले १०८ कसे, फसवाफसवी असणार, पण नाही, यात एका ठरवलेल्या काळ्या पृष्ठभागाला शून्य आणि ठरवलेल्या पांढऱ्याला १०० धरतात, त्यामुळे त्याहून चांगला रंग शंभराच्या वर जातो. खोट एवढीच की हा आकडा नव्या कोऱ्या रंगाचा. अमेरिकेत कूल रूफ रेटिंग कौन्सिल नावाची संस्था नव्याचा आणि ३ वर्षं उन्हा-पावसात ठेवल्यानंतरचा असे दोन्ही आकडे छापते. आपल्याकडे मी पाहिलेल्या एकाही डब्यावर दुसरा आकडा नव्हता. आणि तोच तर पाहिजे!

कारण धूळ. बाई, धूळ. दिवाळीनंतर चार महिने पाऊस नाही, शेतांची धूळ, रस्त्याची धूळ, फेब्रुवारीत गच्ची चहात बुडवलेल्या ग्लुकोज बिस्किटासारखी दिसायला लागली. या महिन्यात ३८ च्या हवेत मोजलं तर आमची ४९. निम्मी गच्ची नायलॉनच्या ब्रशने पाण्याने घासली, वाळू दिली, परत मोजलं, धुतलेली ४१, न धुतलेली ४९. म्हणजे वर्षातून एकदा, होळीच्या सुमारास, घासून धुणं हा या प्रॉडक्टचाच भाग समजा. ते कोणी सांगत नाही, आणि मार्चमधे आमच्याकडे पाणी किती दिवसाआड येतं हेही कोणी विचारत नाही.

पावसाळ्याचं. जिथे उतार बरोबर नाही आणि पाणी साचतं, तिथे दोन ठिकाणी ताटाएवढा रंग सुटला. यात थोडी चूक आमची, कारण पेंटरने घाईत दुपारी दुसरा हात मारला, तापल्या स्लॅबवर, तेव्हाच बारीक फोड दिसले होते. सकाळी सातच्या आत किंवा संध्याकाळीच लावून घ्या, आणि आधी वायर ब्रशने सगळं शेवाळ काढून, भेगा भरून, पॅरापेटच्या म्हणजे कठड्याच्या कडेचा सिमेंटचा वाटा नीट करून. लीकेज थांबेल म्हणून हा रंग लावत असाल तर नका लावू. आधी लीकेजचं काम, मग रंग. आणि ऑगस्टमधे पांढऱ्यावर हिरवं शेवाळ धरतं, घसरायला होतं, म्हाताऱ्या माणसांना एकट्याने वर पाठवू नका.

सासूबाईंची तक्रार वेगळीच. कुरडया वाळायला पूर्वीपेक्षा वेळ लागतो म्हणे, खालून तापच मिळत नाही, आणि वर उभं राहिलं की डोळे दिपतात. दुसरी गोष्ट तर शंभर टक्के खरी, दुपारी गॉगलशिवाय कपडे वाळत घालता येत नाहीत. पहिलीसाठी त्यांनी वाळवण सरळ तात्यांच्या गच्चीवर हलवलं. डिसेंबरमधे वरची खोली सकाळी जरा जास्त गार वाटते, पण जळगावात थंडीची तक्रार करणं म्हणजे पाप आहे.

तुम्ही मधल्या मजल्यावर राहत असाल तर पैसे घालवू नका, काही उपयोग नाही. पत्र्याचं छत असेल तर मात्र डोळे झाकून लावा, फक्त उघड्या चकचकीत पत्र्यावर गनने मोजायला जाऊ नका, ती तिथे फसते आणि कमी दाखवते. तेलंगणाने २०२३ मधे या विषयावर सरकारी धोरणच काढलंय, कूल रूफ पॉलिसी, आपल्याकडे आम्ही अजून दुकानदाराच्या गॅरंटीवर चाललोय.

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. दीड मार्क त्या "घरात दहा डिग्री"चे आणि जुन्या झालेल्या रंगाचा आकडा लपवल्याचे कापले.

आणि हो, तात्या. वर्षभर माझे आकडे ऐकून ते म्हणाले, आमच्या आजोबांच्या काळी दर उन्हाळ्याआधी चुन्याचा हात मारायचे, तुझ्या त्या अमेरिकन रंगात वेगळं काय आहे? मी हसले, मग लक्षात आलं की चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन वाळतो तेव्हा त्याचं कॅल्शियम कार्बोनेटच होतं, म्हणजे पर्ड्यूच्या २०२० च्या रंगातला माल तोच, फक्त कणांचे आकार आणि चिकटवणारा अ‍ॅक्रिलिक त्यांचा. तात्यांनी परवा चुन्याच्या दोन गोण्या आणून ठेवल्यात, फेविकॉल घालून मारणार आहेत, पाडव्यानंतर. पहिल्या पावसात किती धुऊन जातो ते बघू, पण एप्रिलची मोजणी दोन्ही गच्च्यांवर होणार आहे आणि गन अजून मी भावाला परत दिलेली नाही.