मॉरिशस की श्रीलंका, सावरलं कोण?

तर्री पोह्यांच्या ठेल्यावर दोस्त म्हणे, बेटावरचे देश सगळे सारखेच, टुरिस्ट आले की चालते नाहीतर बसते. म्हटलं असं नसते ना बे! मॉरिशस 1968 ला स्वतंत्र झालं तेव्हा सगळा भार उसावर, जसा आपल्या काटोलवाल्यांचा संत्र्यावर, पण 1970 मध्येच निर्यातीच्या कारखान्यांना सवलती देणारा कायदा केला, मग कपडे शिवून युरोपात पाठवणं, मग हॉटेलं, मग बँकिंग, एक धंदा बसला तर दुसरा हाताशी.

श्रीलंकेकडे तर चहा, कपडे, टुरिझम सगळंच होतं, पण 2019 ला टॅक्स कापले, मग कोरोना, अन् 2021 मध्ये रासायनिक खतावर एका झटक्यात बंदी (याने पीक बुडणार, हे तर कोणत्याही धानवाल्याला विचारलं असतं तरी सांगितलं असतं). 2022 ला डॉलर संपले, पेट्रोलसाठी रात्रभर लाइनी, जुलैत राष्ट्राध्यक्षच पळाले. आता आयएमएफच्या (अडचणीतल्या देशांना कर्ज देणारी आंतरराष्ट्रीय संस्था) अटींवर गाडी चालून राहिली, 2024 ला लोकांनी दिसानायकेंना राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडलं.

आता मॉरिशस तेरा लाखांच्या आसपास लोकांचं, श्रीलंका दोन कोटींवर, त्यात श्रीलंकेत 1983 ते 2009 तमिळ बंडखोरांशी युद्ध, म्हणून तुलना थोडी अन्यायाचीच आहे, तरी माझं मत मॉरिशसला. दोस्त काही मानला नाही, तर्री मात्र दोनदा घेतली.