एक पिकअप, एक नॉब: फ्रँकेन्स्टाइन स्टाईल गिटार दहा महिने वाजवल्यानंतर

दहा महिने झाले ही गिटार वाजवतोय, आठवड्यातले चार-पाच दिवस तरी, शिवाय बँडची प्रॅक्टिस आणि आठ-नऊ शो, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच झालं असतं, तेव्हा मी वाजवायचो कमी आणि तिच्याकडे बघतच जास्त बसायचो.

गिटार म्हणजे माझीच जुनी इलेक्ट्रिक, स्ट्रॅट शेपची (फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टरसारखी), तीन सिंगल कॉइलवाली, म्हणजे एकेका गुंडाळीचे तीन पिकअप (तारांची थरथर विजेत बदलणारे भाग), कपाटात पडून होती. ती व्हॅन हेलन या अमेरिकन रॉक बँडचा गिटारवादक एडी व्हॅन हेलन, त्याच्या स्वतः जोडलेल्या फ्रँकेन्स्टाइन गिटारसारखी करायची ठरवली. ब्रिजला, म्हणजे तारा बॉडीवर जिथे टेकतात तिथे, एकच हंबकर (दोन गुंडाळ्यांचा पिकअप), एकच व्हॉल्यूम नॉब, टोन नाहीच, फ्लॉइड रोज ब्रिज (दांडा दाबून सूर खाली नेता येतो आणि तारा दोन्ही टोकांना घट्ट लॉक होतात असा) आणि वर लाल-काळे-पांढरे पट्टे. जवळजवळ सगळं हातानेच केलं, फक्त लॉकिंग नट (नेकच्या टोकाला तारा आवळून धरणारी पट्टी) बसवायला नेक कापावा लागतो ते काम एका जाणत्या कारागिराकडून करून घेतलं, तिथे अर्धा मिलिमीटर चुकला की नेक गेलाच.

मूळ गिटारची गोष्ट बहुतेकांना माहीत असेलच, तरी थोडक्यात सांगतो. एडीने ५० डॉलरची डागी म्हणून बाजूला काढलेली अ‍ॅशची बॉडी घेतली, ८० डॉलरचा नेक घेतला, एका गिब्सन सेमी-हॉलो गिटारमधला हंबकर उचकटून त्यात बसवला आणि १९७८ च्या पहिल्या अल्बमच्या कव्हरवर ती झळकली. त्याला गिब्सनचा आवाज पाहिजे होता आणि फेंडरचा ट्रेमोलो (सूर खाली-वर करणारा दांडा) पाहिजे होता, आणि दोन्ही एकत्र देणारी गिटार तेव्हा दुकानात मिळत नव्हती. मग बनवली.

आता माझा अनुभव, पिकअपपासून सुरू करतो कारण सगळ्यात जास्त वेळ तिथेच गेला.

माझा हंबकर जुना, वॅक्स न केलेला, म्हणजे आत मेण न भरलेला. घरी कमी आवाजात मस्त वाजायचा, पण पहिल्याच प्रॅक्टिसला अँप मोठा केला आणि कानात सुई घुसल्यासारखी शिट्टी सुरू झाली. आतली वायर सैल असली की ती स्वतःच थरथरते आणि तो थरथराट पिकअप उचलतो, म्हणून असं होतं. एडीलाही हाच त्रास होता आणि त्याने पिकअप वितळलेल्या पॅराफिन मेणात बुडवून तो मिटवला, त्या नादात बरेच पिकअप वितळून वायाही गेले. मी डबल बॉयलर केला, म्हणजे गरम पाण्याच्या भांड्यात मेणाचं भांडं, थर्मामीटर लावून ६५ डिग्रीच्या वर जाऊ दिलं नाही, आणि बुडबुडे यायचे थांबेपर्यंत, साधारण वीस मिनिटं, पिकअप आत ठेवला. मेणाचं भांडं थेट गॅसवर ठेवू नका, प्लीज, मेण पेट घेतं. त्यानंतर आजपर्यंत शिट्टी नाही. फीडबॅक, म्हणजे अँपच्या आवाजाने तार स्वतःच वाजत राहणं, येतो पण तो मला पाहिजे तेव्हा येतो, तारेचा सूर धरून येतो, आणि हा फरक एकदा ऐकला की मागे जाववत नाही.

पिकअप स्प्रिंगवर न ठेवता थेट लाकडात स्क्रूने घट्ट केलाय. आवाजात किती फरक पडतो यावर लोक रात्रभर भांडतात. मला विचाराल तर नोटच्या सुरुवातीला एक ठोसपणा आलाय, पण मेण आणि थेट माउंट दोन्ही एकाच आठवड्यात केलं, त्यामुळे श्रेय कोणाला द्यायचं ते मी छातीठोकपणे सांगणार नाही. तोटा मात्र नक्की आहे, हाइट अ‍ॅडजस्ट करायची तर स्क्रू काढून खाली फोमचा तुकडा घालायचा.

आणि पिकअप तिरका का, हे मला सगळ्यात जास्त विचारलं जातं. जुन्या गिब्सन हंबकरचे पोल (प्रत्येक तारेखालचे लोखंडी खिळे) साधारण ४९-५० मिलिमीटरमध्ये बसतात, फेंडरसारख्या ब्रिजवर तारा त्यापेक्षा जास्त फाकलेल्या असतात, सरळ लावला तर दोन्ही कडेच्या तारा पोलच्या बाहेर जातात. तिरका केला की जुळतं. आता वाइड स्पेसिंगचे हंबकर सहज मिळतात, ते घेतलेत तर तिरका करायचं काही कारणच उरत नाही, तरी लोक वाइड घेतात आणि वर तिरकाही करतात, फोटोत तसा दिसतो म्हणून. माझा जुना अरुंदच आहे म्हणून तिरका आहे.

टोन नॉब नाही याची सवय व्हायला मला दोन महिने लागले. टोन पूर्ण उघडा असला तरी सर्किटमध्ये असतो आणि थोडा ट्रेबल खातोच, तो काढल्यावर आवाज उघडा पडतो, कधीकधी जरा जास्तच. सगळं काम व्हॉल्यूम नॉबवर आलं. क्लीन पाहिजे तर चारवर, ऱ्हिदम सातवर, सोलो दहावर, आणि आता करंगळी आपोआप तिकडे जाते. नॉब खाली आणला की आवाज मेंगळट व्हायचा, म्हणून नॉबखालच्या पॉटवर एक बारीक कपॅसिटर आणि रेझिस्टर लावला, ते काम दहा मिनिटांचं आहे आणि आधीच करायला पाहिजे होतं.

फ्लॉइड रोजबद्दल खरं ते सांगतो. तार बदलायला पहिल्यांदा पाऊण तास लागला आणि डोकं फिरलं, आता वीस मिनिटांत होतं. पण ट्यूनिंग! तासाभराच्या शोमध्ये आर्म (ब्रिजचा दांडा) पार खाली दाबून तारा लोंबेपर्यंत नेतो आणि परत आल्यावर सूर जिथल्या तिथे. यासाठी मी बाकी सगळं सहन करायला तयार आहे.

एडीने ब्रिजच्या खाली बॉडीवर १९७१ चं क्वार्टर (अमेरिकेचं पाव डॉलरचं) नाणं स्क्रूने ठोकलंय ते तुम्ही फोटोत पाहिलंच असेल. चाहते अगदी १९७१ चंच नाणं शोधत फिरतात. ते टेकू आहे हो! ब्रिज मागे झुकू नये, नाण्यावर टेकून सपाट राहावा, एवढंच त्याचं काम. ब्रिज टेकलेला असला की एक तार बेंड केली (बोटाने ओढून सूर चढवला) तर बाकीच्या उतरत नाहीत, आणि तार तुटली तरी उरलेल्या पाच सुरात राहतात. माझ्या सातव्या शोला नेमकी बारकी तार तुटली आणि मी गाणं पूर्ण केलं, त्या दिवशी त्या नाण्याची किंमत कळली. क्वार्टरची जाडी १.७५ मिलिमीटर असते, माझ्या गिटारला गॅप जास्त होता म्हणून खाली पितळेची पातळ पट्टी घालावी लागली. आर्म वर ओढून सूर चढवता येत नाही हा तोटा आहे, मला कधी लागला नाही.

रंगाचं काम बाहेरून सोपं वाटतं. आधी काळा, मग टेप, वर पांढरा, टेप काढायची, १९७९ मध्ये एडीने त्यावर पुन्हा टेप लावून सायकलचा लाल रंग मारला. मी काळा पूर्ण वाळायच्या आत टेप लावली आणि काढताना रंगाचे पापुद्रे निघाले, सगळं घासून पुन्हा सुरू. प्रत्येक थराला दोन-तीन दिवस द्या, घाई करू नका. आता कोपराजवळ लाल झिजून खालचा पांढरा दिसायला लागलाय आणि तो मी मुद्दाम केलेला नाही, त्यामुळे मला तो फार आवडतो.

आता लोकांचं. शो संपला की पोरं पेडलबोर्डकडे बघत नाहीत, थेट गिटारकडे येतात, हात लावू का विचारतात, मी देतो वाजवायला. त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसतं ना, त्यासाठीच हा सगळा खटाटोप केला असं वाटतं. पण पक्के चाहते वेगळे. एकाने पट्टे मोजले आणि बॉडीच्या खालच्या शिंगावरचा एक चुकलाय म्हणाला, बरोबर होतं त्याचं. दुसरा म्हणाला, मागे मूळ गिटारसारखे ट्रकचे रिफ्लेक्टर नाहीत म्हणजे काम अर्धवट. आणि सगळ्यात मोठं भांडण नेकच्या पिकअपवरून झालं.

मूळ गिटारमध्ये नेकजवळचा सिंगल कॉइल आणि मधल्या पिकअपच्या खड्ड्यात कोंबलेला स्विच आहे, दोन्ही बंद, वायरच नाही. नकला करणाऱ्यांना चकवायला ते ठेवलंय असं एडी सांगायचा, आणि त्याचा राग खरा होता, पहिला अल्बम आल्यावर पट्टेवाल्या गिटारी सगळीकडे दिसायला लागल्या होत्या. मीही सुरुवातीला तसाच मुका पिकअप बसवला होता. सहाव्या महिन्यात आमच्या बँडमध्ये दोन संथ गाणी आली, ब्रिजच्या हंबकरवर ती काही केल्या गोड वाजेनात. मग मी त्या मुक्या पिकअपला वायर जोडली, स्विच चालू केला. व्हिडिओ टाकल्यावर एकाने लिहिलं की हा एडीचा अपमान आहे.

मला वाईट वाटलं, कारण एडीवरचं माझं प्रेम त्या लिहिणाऱ्यापेक्षा कमी नाही. मी दोन दिवस विचार केला. २००७ मध्ये फेंडरने या गिटारच्या ३०० हुबेहूब प्रती काढल्या, २५,००० डॉलरला एक, सिगारेटच्या डागासकट, आणि त्या सुंदरच आहेत, २०१९ मध्ये मूळ गिटार न्यूयॉर्कच्या मेट म्युझियममध्ये मांडली तेव्हा काचेपलीकडे उभं राहायला मिळालेल्या लोकांचा मला अजून हेवा वाटतो. पण १३० डॉलरच्या सुट्या भागांवर तो माणूस सारखा काहीतरी कापत, बदलत, उकरत राहिला, कारण काहीतरी वाजत नव्हतं. माझंही संथ गाणं वाजत नव्हतं. मी वायर जोडली. ती काढणार नाही.

एक सूचना, एडीचा तो आवाज फक्त गिटारमधून येत नाही, जुना मार्शल अँप तो व्होल्टेज कमी करून चालवायचा, ९० व्होल्टच्या आसपास. ते घरी करायला जाऊ नका, अँप बिघडेल आणि शॉकही बसेल.

ज्याला एकाच गिटारवर जॅझपासून मेटलपर्यंत सगळं वाजवायचंय त्याने हे करू नये. जुनी गिटार पडून आहे, सोल्डरिंग येतं आणि बिघडलं तर रडू येणार नाही, त्याने याच शनिवारी स्क्रू काढावेत. माझे फ्रेट (नेकवरच्या धातूच्या पट्ट्या) आता पाचव्या-सातव्या घरात खड्डे पडायला लागलेत, पुढच्या महिन्यात बदलतोय, यावेळी जाड घालणार आहे, आणि तो खालच्या शिंगावरचा पट्टा तसाच ठेवणार आहे.