सुट्टीत पडद्यावर काय लावायचं: काटेकोर विज्ञान की निखळ धमाल?

मे महिन्याच्या सुट्टीत गावच्या वाचनालयात किंवा मंडळाच्या सभागृहात मुलांना विज्ञानपट दाखवायचा, एवढं बैठकीत चटकन ठरतं. कोणता दाखवायचा, यावर मात्र गाडी अडते. समितीतले निवृत्त मास्तर म्हणतात, चुकीचं विज्ञान दाखवून पोरांची डोकी बिघडवू नका. तरुण मंडळी म्हणतात, मास्तर, अर्ध्या तासात सगळी पोरं उठून क्रिकेट खेळायला गेली, तर ते बरोबर विज्ञान खुर्च्यांना शिकवायचं का? दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. म्हणून अशा बैठकीत हमखास नाव निघणारे काही सिनेमे इथे शेजारीशेजारी ठेवतो.

सर्वांत चांगली जोडी १९९८ सालची. मे महिन्यात 'डीप इम्पॅक्ट' आला आणि जुलैत 'आर्मागेडन'. विषय एकच: आकाशातून भलंमोठं धूड पृथ्वीवर येतंय आणि माणसं अणुबॉम्ब घेऊन त्याच्यावर उतरताहेत. जुलै १९९४ मध्ये शूमेकर-लेव्ही ९ या धूमकेतूचे तुकडे गुरूवर आदळले होते, त्यामुळे विषय तेव्हा ताजाच होता.

'आर्मागेडन'मधला लघुग्रह टेक्सास राज्याएवढा आहे आणि तो सापडतो धडकेच्या जेमतेम १८ दिवस आधी. सेरेस हा सुमारे ९४० किलोमीटर व्यासाचा गोळा १८०१ साली, त्या काळच्या दुर्बिणीतून सापडला होता. मग त्याच्या तोडीचं धूड १९९८ साली दारात येईपर्यंत कुणालाच दिसू नये? पुढे तेलविहिरी खणणारे कामगार त्यात ८०० फूट भोक पाडतात, बॉम्ब ठेवतात आणि लघुग्रहाचे दोन तुकडे पृथ्वीच्या दोन बाजूंनी सुखरूप निघून जातात. ८०० फूट म्हणजे पाव किलोमीटर, आणि दगड हजार किलोमीटरचा! माणसाकडचा कुठलाही अणुबॉम्ब त्याचे दोन तुकडे करू शकत नाही.

'डीप इम्पॅक्ट'ला धूमकेतूंचा शोध घेण्यात हयात घालवलेल्या शूमेकर दांपत्याचा सल्ला होता, आणि तो पडद्यावर दिसतो. धूमकेतू साधारण ११ किलोमीटरचा. डायनासोरांचा काळ संपवणारी वस्तूही याच मापाची होती, म्हणजे भीती दाखवायला टेक्साससारखं माप लागत नाही. अंतराळवीर धूमकेतूच्या अंधाऱ्या बाजूला काम करताहेत आणि सूर्य उगवायच्या आत त्यांना आवरायचं आहे. सूर्य उगवतो, बर्फ तापतं आणि जमिनीतून वायूचे फवारे सुटू लागतात. धूमकेतू सूर्याजवळ आला की असंच होतं, त्याची शेपटीही अशीच तयार होते. या एका प्रसंगात विज्ञान आणि थरार वेगळे काढताच येत नाहीत.

तरीही तिकीटबारीवर 'आर्मागेडन'नं जगभरात सुमारे ५५ कोटी डॉलर मिळवले आणि 'डीप इम्पॅक्ट'नं ३५ कोटींच्या आसपास. कारण उघड आहे. 'डीप इम्पॅक्ट'चा पूर्वार्ध टीव्हीच्या बातमीदार बाईंमध्ये आणि राष्ट्राध्यक्षांच्या पत्रकार परिषदांमध्ये जातो, आणि सातवी-आठवीच्या मुलांना त्यात काडीचा रस नसतो. 'आर्मागेडन' १५१ मिनिटं आरडाओरडा करतो, पण कुणाला जागचं हलू देत नाही.

मग विज्ञान हरलं का? मला तसं वाटत नाही, कारण चूक किती मोठी यापेक्षा ती बसलीय कुठे, हे मी आधी बघतो. पेडण्याकडे दशावताराला बसलेल्या प्रेक्षकाला संकासुर कुठून आला, देव क्षणात कसा प्रकटला, असले प्रश्न पडत नाहीत. पण पहिल्या प्रवेशात राजानं दिलेलं वचन मध्यरात्रीनंतर नटच विसरला, तर पुढच्या रांगेतली म्हातारी मंडळी तिथल्या तिथे कुजबुजायला लागतात. सिनेमानं कथा सुरू करायला एखादी सवलत घेतली तर ती द्यावी. पण ज्या नियमावर नायकाचा जीव टांगलेला आहे, तोच ऐनवेळी मोडला तर मजाही जाते आणि विज्ञानही.

'द मार्शियन' (२०१५) आणि 'ग्रॅव्हिटी' (२०१३) या मापानं तोलून बघा. 'मार्शियन'ची सुरुवातच धादांत चुकीची आहे. मंगळावर वादळ येतं, उपकरणं उडतात, यान कलंडायला लागतं आणि नायक मागे राहतो. मंगळावरच्या हवेचा दाब आपल्या एक टक्क्याहूनही कमी. तिथलं सोसाट्याचं वादळ अंगाला झुळकेसारखं लागेल. मूळ कादंबरीच्या लेखकालाही हे ठाऊक होतं, नायकाला मंगळावर अडकवण्यासाठी त्यानं ते जाणूनबुजून घेतलं. पण एकदा तो अडकला की पुढे सगळा हिशेब: बटाटे किती, दिवस किती, पाणी कशापासून करायचं. तो इंधनातला हायड्रोजन मोकळा करतो, जाळून पाणी बनवतो आणि त्या भानगडीत स्वतःलाच उडवून घेतो. दहावीच्या मुलाला यातली प्रत्येक पायरी समजते. (मंगळाच्या मातीत परक्लोरेट नावाचे विषारी क्षार आहेत, त्यामुळे बटाटे इतके सहज येणार नाहीत. हा प्रश्न एखाद्या मुलीनं विचारलाच, तर तिला पुढच्या रांगेत बसवा.)

'ग्रॅव्हिटी'चं उलटं आहे. बारीकसारीक गोष्टी इतक्या जपल्यात की थक्क व्हावं. अंतराळात हवा नाही म्हणून स्फोटांना आवाज नाही. नायिकेनं एखाद्या वस्तूला हात लावला तरच तिचा धक्का दबक्या घरघरीसारखा आपल्या कानापर्यंत येतो. आणि नेमक्या कळसाच्या प्रसंगात घात होतो. ती दोऱ्यांत अडकून थांबली आहे, सहकारी तिच्या हातातल्या पट्ट्याला लटकलेला, पट्टा ताणलेला. तो म्हणतो, मला सोड, नाहीतर तूही जाशील. पण दोघंही थांबलेत, मग त्याला बाहेर ओढतंय कोण? पट्ट्याला हलका हिसका दिला असता तर तो तरंगत तिच्याकडे आला असता. सगळा सिनेमा ज्या नियमावर उभा, तोच इथे गुंडाळून ठेवला आहे. शिवाय हबल दुर्बीण आणि अंतराळ स्थानक यांच्या कक्षांची उंचीही वेगळी आणि कलही वेगळा, पण ते मी माफ करतो; त्यावाचून कथा पुढे सरकत नाही.

'इंटरस्टेलर' (२०१४) म्हटलं की मास्तर मंडळी लगेच मान डोलावतात. किप थॉर्न यांच्यासारखा शास्त्रज्ञ सल्लागार, ज्यांना पुढे २०१७ साली नोबेल मिळालं. कृष्णविवराचं दृश्य त्यांनी दिलेल्या समीकरणांवरून संगणकानं काढलं, काही चौकटींना शंभर-शंभर तास लागले. पण यातही करमणुकीनं शेवटचा शब्द स्वतःकडे ठेवला. विवराभोवती फिरणाऱ्या तापलेल्या वायूच्या तबकडीची आपल्याकडे येणारी बाजू जास्त उजळ दिसायला हवी. प्रेक्षक गोंधळतील म्हणून दिग्दर्शकानं ती सरसकट सारखी ठेवली. २०१९ साली एम-८७ दीर्घिकेतल्या कृष्णविवराची खरी प्रतिमा आली, तिच्यात एक बाजू ठळक उजळ आहे. दोन्ही चित्रं शेजारी दाखवा, मुलांनाच फरक ओळखू द्या.

त्यातला पाण्याचा ग्रह गोव्यातल्या प्रेक्षकांना मात्र खटकतो. क्षितिजापर्यंत गुडघाभर पाणी, आणि समोरून डोंगराएवढी लाट. समुद्र रोज बघणारी पोरं हसतात. हसू द्या, मग सांगा: आपल्या मुरगावला चंद्राच्या आणि सूर्याच्या ओढीनं अमावास्या-पौर्णिमेला भरती-ओहोटीत साधारण दोन मीटरचा फरक पडतो. तिथे चंद्राच्या जागी दहा कोटी सूर्यांच्या वस्तुमानाचं कृष्णविवर आहे. लाट अतिशयोक्तीची वाटते खरी, पण भरतीच्या नियमाला धरून आहे.

आपल्याकडच्या सिनेमांचं काय? २०१८ सालीच तमिळमध्ये 'टिक टिक टिक' आला, त्यातही लघुग्रह आणि अणुबॉम्ब आहे, आणि तो आपल्या मापानं 'आर्मागेडन'च्याच पंगतीत बसतो. त्याच वर्षीच्या '२.०'मध्ये मोबाइल फोन उडत येऊन त्यांचा राक्षसी पक्षी होतो. तिथे भौतिकशास्त्राचा प्रश्न काढणाऱ्यानं आधी रजनीकांतची परवानगी घ्यावी.

आता निवडीचं. पाचवीच्या खालची मुलं आणि आजी-आजोबा एकत्र असतील, तर बिनधास्त 'आर्मागेडन' लावा आणि लगेच त्याला उतारा द्या. २६ सप्टेंबर २०२२ रोजी नासाचं डार्ट यान डायमॉर्फस या सुमारे १६० मीटरच्या लघुग्रहावर मुद्दाम आदळवलं गेलं. बॉम्ब नाही, खोदकाम नाही; नुसता धक्का. जवळच्या मोठ्या लघुग्रहाभोवतीची त्याची ११ तास ५५ मिनिटांची प्रदक्षिणा त्यानं साधारण ३२ मिनिटांनी कमी झाली. यानानं पाठवलेली शेवटची चित्रं नासानं खुली केली आहेत: आधी ठिपका, मग गोळा, मग धोंडे, मग धोंड्यांमधले खडे, आणि शेवटचं चित्र अर्धवट पोचून तुटतं. अडीच तासांच्या आरडाओरड्यानंतर ही बिनआवाजी चित्रं मुलं श्वास रोखून बघतात. सोबत लोणारचं नाव घ्या. १.८ किलोमीटर व्यासाचं ते विवर असल्याच एका धडकेतून झालंय, आणि तिथे सहलही काढता येते.

आठवी ते दहावीच्या मुलांसाठी माझं मत 'मार्शियन'ला. 'डीप इम्पॅक्ट' अख्खा दाखवू नका. धूमकेतूवरचा तो सूर्योदय तेवढा दाखवा. 'ग्रॅव्हिटी' ९१ मिनिटांचा असल्यानं शाळेच्या वेळेत बसतो, आणि पट्ट्याच्या प्रसंगावर थांबवून 'इथे काय चुकलं?' असं विचारलं तर न्यूटनच्या पहिल्या नियमाचा तास तिथेच होतो. 'इंटरस्टेलर' कॉलेजच्या मुलांसाठी ठेवा.

कुठलाही निवडलात तरी जाहीर खेळाला हक्कधारकाची परवानगी लागते, ती आधी काढा. आणि 'इंटरस्टेलर'च ठरला, तर तो १६९ मिनिटांचा आहे हे लक्षात ठेवून पाचलाच सुरू करा. नाहीतर फोंड्याकडच्या शेवटच्या बसची पोरं कृष्णविवरात शिरायच्या आधीच उठतील.