‘सगळे ॲड-ऑन ४९९ रुपयांत’: ट्रेन सिम्युलेटर घेताना नवख्यांना कुठे गंडवतात

ट्रेन सिम्युलेटर म्हणजे संगणकावर रेल्वेगाडी चालवायचा गेम, आणि ॲड-ऑन म्हणजे त्यात वरून घालायचे रूट, इंजिनं, डबे. त्यांची टेलिग्राम-व्हॉट्सॲपवर अशा थाटाची जाहिरात फिरते: ‘भोर घाट, कोकण रेल्वे, दीडशे इंजिनं, सगळं ४९९ रुपयांत.’ यूपीआयनं पैसे गेले की गूगल ड्राइव्हची लिंक येते आणि पंधरा-वीस जीबीची झिप उतरते. आत काय आहे हे नवख्याला ओळखता येत नाही, त्यावरच हा धंदा चालतो.

या झिपमधलं बहुतेक सामान मुळात फुकट आहे. २००१ साली आलेल्या मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटरसाठी हौशी मंडळींनी भारतीय इंजिनं, डबे आणि रूट स्वतःचा वेळ घालून बनवले आणि सर्वांसाठी ठेवले. ते आज ओपन रेल्स या सिम्युलेटरमध्ये चालतात, आणि ओपन रेल्सलाही एक पैसा लागत नाही. झिपमधली रीडमी, म्हणजे कर्त्यानं सूचना लिहिलेली फाईल, आधी वाचा. हे विकू नये, असं मूळ कर्त्यानं तिथे अनेकदा लिहिलेलं असतं. रीडमी काढूनच टाकली असेल, तर माल कुठून उचलला ते लपवायचं आहे असं समजा. दुसऱ्याच्या मेहनतीवर पैसे उकळणं हा सरळ अन्याय आहे, आणि त्यापायी चांगली माणसं काम देणं थांबवतात.

शिवाय तो पॅक धड चालतही नाही. रूटचं फोल्डर ‘रूट्स’मध्ये टाकलं तरी रुळांचे आकार ‘ग्लोबल’ फोल्डरमधून येतात. ते नसतील तर जमीन दिसते, झाडं दिसतात, रूळ मात्र गायब. गाडीचंही तसंच. ‘कन्सिस्ट’मध्ये, म्हणजे गाडीच्या यादीत, बावीस डबे लिहिलेले असतात, पण डब्यांच्या फायली असतात त्या ‘ट्रेनसेट’ फोल्डरमध्ये त्यातले आठच सापडतात. डेस्कटॉपवर ओपनरेल्सलॉग नावाची मजकूर फाईल तयार होते, ती उघडून पाहा. कुठली फाईल सापडली नाही, हे तिथे नावानिशी मिळतं. विकणाऱ्याला विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘तो दुसरा पॅक, आणखी २९९.’

इंजिन खरं की नुसता रंग दिलेलं, हे तपासायला दोन मिनिटं पुरतात. इंजिनाच्या फोल्डरमधली ईएनजी फाईल (इंजिनाची ताकद वगैरे यात लिहिलेली असते) नोटपॅडमध्ये उघडा आणि ‘मॅक्सपॉवर’ शोधा. डब्ल्यूएपी-७ हे भारतीय रेल्वेचं विजेचं इंजिन साधारण ६,३५० अश्वशक्तीचं, म्हणजे जवळपास ४,७०० किलोवॉटचं. तिथे दोन-तीन हजारांचा आकडा असेल, तर दुसऱ्याच इंजिनाची फाईल उचलून वर कवच चढवलं आहे. भोर घाटाचा चढ ३७ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. प्रत्यक्षात कर्जतला मागे बँकर, म्हणजे ढकलणारी जादा इंजिनं, लावल्याशिवाय जड गाडी सहसा लोणावळ्याला नेत नाहीत. असल्या पॅकमध्ये मात्र चोवीस डबे एकाच इंजिनानं सपाटीवरून जावेत तसे वर जातात, नाहीतर पळसदरीच्या पुढे हलतच नाहीत.

स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानातल्या गेमची तऱ्हा वेगळी. ट्रेन सिम्युलेटर क्लासिक आणि ट्रेन सिम वर्ल्ड हे एकाच कंपनीचे दोन स्वतंत्र गेम आहेत आणि एकाचा ॲड-ऑन दुसऱ्यात चालत नाही. शर्मन हिलसारखा अमेरिकी रूट दोन्हींसाठी आहे, त्यामुळे चुकीची ‘की’ (स्टीमवर गेम किंवा ॲड-ऑन मिळवायचा कोड) गळ्यात मारणं सोपं जातं. प्लेस्टेशनवर घेतलेला रूट पीसीवर येत नाही. विकत घेण्याआधी स्टोअरच्या पानावर मूळ गेम कुठला लागतो ते बघाच. स्टीमच्या वर्कशॉपमध्ये खेळाडूंनी बनवलेले सिनॅरिओ (गाडी चालवायचे तयार प्रसंग) फुकट असले, तरी त्यांना पैशाचे ॲड-ऑन लागू शकतात; ते कुठले हे त्याच पानावर दिलेलं असतं.

स्टीमच्या बाहेरून घेतलेली ‘की’ कधीकधी आधीच वापरलेली निघते. चालली, तरी ती चोरीच्या कार्डावर घेतलेली असेल तर पुढे रद्द होते आणि गेम लायब्ररीतून जातो. अशा कीवर स्टीम पैसे परत देत नाही. स्टीमवरच घेतलेल्या गेमचा परतावा १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर मिळतो. ॲड-ऑनसाठी ते दोन तास मूळ गेमवर, ॲड-ऑन घेतल्यापासून मोजतात. मेन्यू उघडा ठेवून जेवायला गेलात तरी मिनिटं चढतात. म्हणून नवा रूट घेतला की लगेच चालवून बघा, आठवड्यानं नको.

सगळ्यात घातक म्हणजे ‘शेअर्ड अकाउंट’. तयार लॉगिन देतात आणि ऑफलाइन मोडमध्येच खेळा म्हणून बजावतात. अकाउंट विकणं स्टीमच्या नियमांतच बसत नाही. मूळ मालक पहिल्या खरेदीचा पुरावा दाखवून ते परत घेऊ शकतो, आणि बहुतेक वेळा तो मालक विकणाराच असतो. तुम्ही त्यात स्वतःच्या पैशांनी टाकलेले ॲड-ऑनही जातात.

तक्रार केली की काही जण ‘रिफंड’ देतो म्हणून यूपीआयचा पिन टाकायला सांगतात. पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. पैसे गेले असतील तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, बँकेला कळवा आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर तक्रार नोंदवा. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, समोरच्याचा यूपीआय आयडी आणि चॅटचे स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवा, कारण तक्रारीची कुणकुण लागताच टेलिग्रामवरची चॅट दोन्ही बाजूंनी पुसली जाते.