उद्यमनगरात खाली बसवलेली जुनी झेन

माझी जुनी मारुती झेन खाली बसवायला, म्हणजे तिची उंची कमी करायला, मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका छोट्या गॅरेजात दिली. दुसरीकडं गॅस मारून, म्हणजे ज्योतीनं स्प्रिंगा तापवून दबवून, तासाभरात करून देतो म्हणत होते. पण स्प्रिंग तापवली की तिचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरतं, मग ती दबत जाते आणि गाडी चारी बाजूंनी सारखी बसत नाही. इथल्या मिस्त्रींनी गॅसला सरळ नकार दिला, तिथंच माझा विश्वास बसला.

त्यांनी आखूड स्प्रिंगा घातल्या. गाडी जॅकवर घेऊन चाक पूर्ण लोंबू दिलं आणि स्प्रिंग तिच्या बसायच्या वाटीत घट्ट राहते का, ते मला हात लावून बघायला सांगितलं. सैल राहिली तर खड्ड्यात जागा सोडते. पुढचे शॉकअप गळत होते, तेही बदलले. इंचभर उतरवली, जास्त नको म्हणाले. चाकांची अलाइनमेंट मात्र बाहेर करून घ्यावी लागली. ती टाळू नका, टायर आतून झिजतो.

सगळे मिळून 9,000 च्या आत बसले. पन्हाळ्याच्या वळणांवर गाडी आता कमी कलते, लई भारी वाटतं! चौघं बसले की मोठ्या स्पीडब्रेकरवर तिरकी घ्यावी लागते. जुन्या स्प्रिंगाही परत दिल्या. सकाळी लवकर जावा, नंतर गाडी लावायला जागा नसते.